अण्णांचं गुलाबी अभ्रक

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास शेजारच्या काकू सुपली घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. सुपलीत केसांचं गुंतवळ, एक रबरबँड, शेंगदाण्याची दोन टरफलं आणि या सगळ्यावर ऐटीत बसलेला नखाएवढा एक चकचकीत पापुद्रा.

"हा खवला तुमच्याकडचा ना?"

काकूंच्या घरात चातुर्मासात लसूणसुद्धा जिना चढत नाही. आम्ही कुडाळकडचे, त्यामुळे मजल्यावर कुठेही काही संशयास्पद चमकलं की पहिली चौकशी आमच्याकडे. पण खवल्याच्या बाबतीत आमची साक्ष कोर्टातही चालावी. मी पापुद्रा बोटावर घेतला. सुरमईला खवले जवळजवळ नसतातच, बांगड्याचा इतका मोठा नसतो, आणि रोहू-कटला आमच्या घरात येत नाही. शिवाय याला वास नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग माझ्या दिवाणखान्यात कुठून आला?"

एवढ्यात मागून काकूंचे यजमान अण्णा आले. आले म्हणजे धावत आले. अंगात गंजी, एका पायात सपात, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं दहापटीचं भिंग. "झाडलंस? तू आतलं झाडलंस?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्या बोटावरचा पापुद्रा चिमट्याने उचलला, तळहातावर ठेवला, आणि दहाव्याला पिंडाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"सुटला," ते म्हणाले. "एक पापुद्रा सुटला."

अण्णांना आमची सोसायटी मागून 'दगडूशेठ' म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा राग नाही. पुण्यात त्या नावाचा कुणी राग धरत नाही. राग येतो तो 'दगड' या शब्दाचा. "खनिज म्हणा. दगड बांधकामाला लागतो." पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी हेच बांधकामाचे दगड मोजले. धरणाच्या पायासाठी, बोगद्यासाठी, विहिरीसाठी सुरुंग लागला की बाकीचे अभियंते कातळ किती फुटला ते बघायचे, आणि अण्णा ढिगाऱ्यात वाकून पोकळ्या शोधायचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला गेला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सावकाश पाणी झिरपलं आणि आत झिओलाइटचे आणि अपोफिलाइटचे बाग फुलले. पुण्याभोवतालच्या खाणी, जळगाव, नाशिक. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आपल्या महाराष्ट्राचं नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत, त्या या बुडबुड्यांमुळे. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट पाहायला जगभरचे लोक जीव टाकतात. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये, १९६७ साली. पण नाव काढलं ते वाघोलीनं. अण्णा हे सांगतात तेव्हा वाघोलीत त्यांची वडिलोपार्जित जमीन असावी असं वाटतं.

पुण्याबद्दल त्यांची एक जुनी तक्रारही आहे. एकेकाळी 'पूनालाइट' नावाचं खनिज पुस्तकांत होतं. पुढे तपासणीत ते आधीच माहीत असलेल्या एका झिओलाइटचाच प्रकार निघालं आणि नाव रद्द झालं. अण्णा हे असं सांगतात, जणू महापालिकेने रस्त्याचं नाव बदललं आणि यांना नोटीस दिली नाही.

एवढं सगळं दाराशी असताना अण्णांना हवं काय होतं? अभ्रक. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते संग्राहकाच्या बाबतीत तंतोतंत. आपल्या काळ्या पाषाणात अभ्रकाचे डोळ्यांत भरणारे स्फटिक होत नाहीत. त्यांना लागतो पेग्मॅटाइट. ग्रॅनाइटी रस शेवटी शेवटी सावकाश निवतो आणि त्यात खनिजं हातभर वाढतात, तो खडक. तो आपल्या कोकणच्या तळाशी आहे. कुडाळ तालुक्यात कडावलला अभ्रक सापडतं हे आमच्या शाळेच्या भूगोलात होतं, आणि अण्णांनी माझ्याशी ओळख वाढवली ती त्या एका ओळीमुळे, हे मला पुढे कळलं. खरा माल झारखंडात. कोडरमा, गिरिडीह, हजारीबाग. तिथलं 'रुबी' अभ्रक एके काळी जगभर जायचं. जाड ठोकळा उजेडाला धरला की माणकासारखी लाली दिसते. आंध्रात नेल्लोरकडचं हिरवट. घरातल्या जुन्या इस्त्रीच्या पोटात ज्याच्यावर तार गुंडाळलेली असायची तो पत्रा अभ्रकाचाच. वीज अडवतो, आच सोसतो.

निवृत्तीनंतर अण्णा कोडरम्याला जाऊन आले. येताना वहीएवढा एक ठोकळा आणला. अभ्रकाच्या ठोकळ्याला 'बुक' म्हणतात, आणि त्याच्याइतकं सार्थ नाव खनिजशास्त्रात दुसरं नसेल. तिथे त्यांनी ढिबरा वेचणारी माणसं पाहिली. ढिबरा म्हणजे टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांतला अभ्रकाचा चुरा. तो उकरून, चाळून, किलोवर विकून जगणारी कुटुंबं, आणि त्यांत पोरंसोरं. या विषयावर अण्णा एरवीसारखे लांबण लावत नाहीत. फक्त त्या दौऱ्यापासून ते दगडाचा भाव करत नाहीत. सांगतील ती किंमत देतात. काकूंच्या मते हे त्या दौऱ्याचं सगळ्यात महागडं फळ.

तर, गुलाबी अभ्रक.

अण्णांकडून अभ्रकाचे रंग ऐकणं हा एक सोहळा असतो. शुद्ध मस्कोव्हाइट चंदेरी, पाण्यासारखं. रशियात ते खिडक्यांना काचेऐवजी लावत, म्हणून त्याच्या नावात मॉस्को. लोखंड भरपूर शिरलं की काळं, ते बायोटाइट. क्रोमियम शिरलं की पाचूसारखं हिरवं फुक्साइट. आणि लिथियमचं ते लेपिडोलाइट, जांभळट गुलाबी. गंमत अशी, की लेपिडोलाइटचा मोठेपणा लिथियममुळे, पण रंग येतो तो चिमूटभर मँगॅनीजमुळे. "म्हणजे दारावर पाटी एकाची आणि घर चालवतं दुसरंच," असं काकू आतून म्हणाल्या, तेव्हा अण्णांनी ते उदाहरण स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. टोमणा त्यांना कळला नसावा.

आता पेच हा, की साधं मस्कोव्हाइटसुद्धा क्वचित गुलाबी निघतं. दिसायला लेपिडोलाइटची सख्खी बहीण. गुलाबी मस्कोव्हाइट आणि गुलाबी लेपिडोलाइट यांत नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही, आणि संग्राहकांच्या जगात या फरकावरून भावाभावांत बोलणं बंद होऊ शकतं.

अण्णांचा भाचा अमेरिकेत असतो. फेब्रुवारीत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावी खनिजांची जगातली सगळ्यात मोठी जत्रा भरते. तिथल्या मूळ प्रदर्शनाची सुरुवात १९५५ची. भाचा कामानिमित्त त्या बाजूला जाणार हे कळल्यावर अण्णांनी त्याला अकरा पानी पत्र लिहिलं. आकृत्यांसह. भाच्याने बिचाऱ्याने सगळं केलं. मोटेलच्या खोल्यांत पलंग बाजूला सारून लोकांनी दगड मांडले होते, तशा चाळीसेक खोल्या तो हिंडला, आणि एकीत त्याला मामांच्या आकृतीतला सहा कडांचा, गुलाबी, दोन बोटं रुंद स्फटिक मिळाला. तो त्याने लोकरी मोज्यात गुंडाळला, मोजा बुटात, बूट हातातल्या पिशवीत, आणि सतरा तास मांडीवर ठेवून पुण्यात आणला.

आणि सोबतची चिठ्ठी विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"बिल आहे असं वाटलं, मामा."

वाचकांपैकी कुणी दगड जमवत नसेल तर त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. चिठ्ठीवर खनिजाचं नाव असतं, खाण असते, गाव, प्रांत, देश असतो. कधी कधी आधीच्या मालकाची जुनी चिठ्ठीही सोबत येते, आणि ती फाटकी असली तर अधिकच मोलाची. चिठ्ठीशिवायचा स्फटिक म्हणजे कुळगोत्र नसलेलं स्थळ. कितीही देखणं असो, घरात घेताना लोक दहा वेळा विचार करतात. अण्णांच्या संग्रहात पाचशेच्या वर नग आहेत, आणि आग लागली तर प्रथम चिठ्ठ्यांची पेटी बाहेर काढायची असं त्यांनी काकूंना लेखी देऊन ठेवलं आहे. काकूंनी त्या कागदावर किराणा मालाची यादी केली आहे.

अण्णा भाच्याला रागावले नाहीत. तो परत गेल्यावर दोन दिवस जेवले मात्र नाहीत नीट. मग त्याला फोन लावला. काही तरी आठव. एक अक्षर. भाचा म्हणाला, ब्राझील होतं नक्की, आणि, जरा संकोचून, "मामा, नावात काहीतरी व्हर्जिन होतं."

"व्हिर्जेम दा लापा!" अण्णा इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातलं ते गाव निळ्या पुष्कराजासाठी आणि लेपिडोलाइटसाठी प्रसिद्ध आहे. त्या प्रांताच्या नावाचाच अर्थ 'सर्वसाधारण खाणी', इतकं तिथे खणलं जातं. अण्णांनी लगेच पेन्सिल घेतली, चिठ्ठी लिहायला घेतली, आणि 'लेप' एवढं लिहून थांबले. भाच्याची स्मरणशक्ती म्हणजे पुरावा नव्हे. भाचा विमान कंपनीचं नावही 'व्हर्जिन'वालंच सांगत होता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. किमतीची. काकूंनी विचारलं, "केवढ्याला पडला?" अण्णा म्हणाले, "एकशे ऐंशी." खोटं अक्षर नाही. फक्त चलन बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "एकशे ऐंशीला? जरा महागच वाटतो." अण्णांनी मान खाली घातली आणि ते मान्य केलं.

स्फटिक खरंच सुंदर आहे, हे मला कबूल केलं पाहिजे. पहिल्यांदा दाखवला तेव्हा अण्णांनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि मला नाकातून श्वास घ्यायला सांगितलं. कापसावर ठेवलेला, सहा कडांचा, चवळीच्या भजीइतका जाड. सपाट बाजूने पाहिलं तर शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी मोतिया चमक, आणि तिच्या खाली जांभळं खाऊन चूळ भरल्यावर पाण्याला येतो तो रंग. कडेने पाहिलं तर मिटलेल्या पोथीची पानं. हजारो पानं, आणि तिथे रंग दाटून सोलकढीचा झालेला. अण्णा म्हणाले, यातलं एक मूळ पान मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढं जाड. दोन पानांमध्ये पोटॅशियमचे अणू आहेत, तेवढाच काय तो डिंक. म्हणून नखाने सुटतो. म्हणून फुंकर नको. मी विचारलं, "हे मायका म्हणजे आपल्या ओट्याखालच्या कपाटाला लावतात तेच का?" त्यानंतर आठ दिवस अण्णांनी मला जिन्यात ओळख दिली नाही. आमच्या सुताराच्या भाषेत मायका म्हणजे सनमायका, त्यात अभ्रकाचा कणही नसतो, हे मला आता पाठ आहे. अमेरिकेत वीज अडवण्यासाठी अभ्रकाऐवजी वापरायला एक नवा पत्रा १९१२ साली निघाला, अभ्रकाच्या बदली म्हणून त्याचं नाव 'फॉर्मायका' पडलं, आणि शेवटी नाव उरलं, अभ्रक गेलं. हेही पाठ आहे.

मग अण्णांचं मित्रमंडळ एका रविवारी स्फटिक बघायला आलं, आणि त्या दिवशी मला काकूंचं माहेर कळलं.

काकू वैद्यांच्या घरातल्या. वडिलांकडे अभ्रकभस्म होत असे. लहानपणी त्यांनी अभ्रक साळींबरोबर कांबळ्यात बांधून कांजीत भिजवलेलं पाहिलंय, ते चोळून चोळून बारीक चुरा बाहेर काढलेला पाहिलाय, आणि मग गोवऱ्यांचं पुट. एक नव्हे, शंभर. सहस्रपुटी करायचं तर हजार. भस्म झालं की नाही याची परीक्षा काय? त्यात चमक दिसता कामा नये. 'निश्चंद्र' झालं पाहिजे. एक कण जरी लुकलुकला तरी पुन्हा आगीत. "माझ्या वडिलांची हयात गेली याची चमक घालवण्यात," काकू चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, "आणि यांची चाललीये ती टिकवण्यात. हिंदीत माहेराला मायका म्हणतात ना? तर माझ्या मायक्यात हे जाळायचे आणि सासरी कपाटात ठेवतात."

मंडळी हसली. काकू तिथेच टेकल्या आणि जुन्या रसग्रंथांतले अभ्रकाचे चार प्रकार त्यांनी सांगितले. आगीत टाकलं की ओळखायचं. पिनाक असेल तर पदर सोडतं, पान पान मोकळं होतं. नाग असेल तर फुत्कारतं. दर्दुर असेल तर बेडकासारखं उड्या मारतं. आणि वज्र असेल तर काहीच करत नाही, होतं तसंच राहतं. औषधाला तेच घ्यायचं. बाकीचे पोटात गेले तर माणूस जातो.

मी समोर बसलेल्या मंडळींकडे पाहिलं आणि मला रसग्रंथ लिहिणाऱ्यांबद्दल नितांत आदर वाटला. स्फटिक मधोमध ठेवलेला. एक निवृत्त प्राध्यापक त्याला पाहताच पदर सोडू लागले, त्यांना तरुणपणी असाच एक मिळणार होता, कसा हुकला, कुणामुळे हुकला, त्या माणसाच्या मुलाचं लग्न कुठे झालं. दुसरे एक डॉक्टर, त्यांनी अभ्रकावर एक डोळा टाकला आणि उडी मारली ती थेट स्वतःच्या अपोफिलाइटवर, तिथून जळगाववर, तिथून सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात स्वतः काढलेल्या फोटोंवर. तिसरे नाकातून हवा सोडत म्हणाले, "लेपिडोलाइट? हूं. मस्कोव्हाइट आहे हे. रंगावर जाऊ नका." कोपऱ्यात एक व्यापारी बसले होते. त्यांनी भिंगातून पाहिलं, खाली ठेवलं, रुमालाने भिंग पुसलं आणि चहा प्यायले. चेहऱ्यावर काही नाही. जाताना दारात अण्णांना हळूच म्हणाले, "काढायचा झाला तर आधी मला सांगा."

फुत्कार मात्र अण्णांना डसला. त्या दिवसापासून चिठ्ठीवरचं 'लेप' तसंच अर्धं राहिलं.

यावर तोड होती, आणि ती अण्णांना चांगली ठाऊक होती. लेपिडोलाइटचा तुकडा ज्योतीत धरला की सहज वितळतो आणि लिथियममुळे ज्योत किरमिजी होते. मस्कोव्हाइट तसं वितळत नाही, ज्योतही लाल करत नाही. म्हणजे एक पापुद्रा जाळला की प्रश्न मिटला. पण जाळायला पापुद्रा सोलावा लागतो. "तो काय कांदा आहे?" अण्णा म्हणत. प्रयोगशाळेत द्या म्हटलं, तर तेही कण मागतात. मी एकदा त्यांना धीर द्यावा म्हणून म्हटलं, विज्ञानासाठी लोकांनी काय काय जाळलंय. झालं. अण्णांनी मला १८६१ साल ऐकवलं. बुन्सेन आणि किर्खहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी लेपिडोलाइटमधूनच रुबिडियम हे मूलद्रव्य शोधून काढलं. त्यासाठी दीडशे किलो लेपिडोलाइट वापरलं.

"दीडशे किलो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला. "काय काय गेलं असेल हो त्यात."

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत विरघळलेल्या दगडांसाठी पुण्यात एक माणूस हळहळतोय, हे बघून मला काय बोलावं ते सुचेना.

तर त्या रविवारी सकाळी पापुद्रा आपण होऊन सुटला होता. रात्री कपाटाचं दार नीट लागलं नसावं. अण्णांनी तो तळहातावर फिरवला. नवल म्हणजे त्याला रंग नव्हता. इतक्या पातळात रंग उरत नाही, तो दाटीत असतो. म्हणूनच काकूंना खवला वाटला. आणि खवला वाटला यात त्यांची काहीही चूक नाही. 'लेपिडोलाइट' हे नावच मुळी खवल्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून पडलं आहे. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर 'म्हणजे मी बरोबरच होते' असं समाधान पसरलं. माझ्यावरचा आळ मात्र कुणी मागे घेतला नाही.

"आता हा सुटलाच आहे," काकू म्हणाल्या, "तर जाळून बघू या."

अण्णा गप्प. मी गप्प. असा प्रसंग घरात रोज येत नाही. शेवटी अण्णांनी हो म्हटलं आणि आम्ही तिघं ओट्याशी उभे राहिलो. बारीक शेगडी पेटवली. खिडकीचा पडदा ओढला, अंधार केला. अण्णांचा हात थरथरत होता म्हणून चिमटा काकूंनी घेतला. त्यांचा हात वैद्याच्या घरातला, स्थिर. पापुद्रा निळ्या ज्योतीच्या कडेला गेला.

ज्योत पिवळी झाली. भडक, हळदीसारखी पिवळी.

"पिवळी?" मी म्हटलं. "पिवळं कुठलं अभ्रक?"

अण्णांनी काकूंच्या बोटांकडे पाहिलं. ओट्यावर परात होती, परातीत कैरीच्या फोडी, आणि फोडींना चोळलेलं मीठ. सोडियमचा पिवळा असा दांडगा असतो, की चिमूटभर असला तरी बाकी सगळ्या रंगांना झाकून टाकतो. त्यामागे किरमिजी होती की नव्हती हे कोणाला कळणार? पापुद्रा वितळतोय का ते बघायला मी वाकलो, तेवढ्यात त्याने टोकं वळवली, पदर सोडला आणि तो चिमट्यातून निसटून शेगडीच्या भोकात गेला.

"पिनाक," काकू शांतपणे म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा मी बघत होतो. मला वाटलं, आता बसतील खाली. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी सुटका म्हणेन. बर्नर उघडून बघू का, असं मी विचारलं, तर इतक्या घाईने "नको, नको" म्हणाले की मला कळलं, या माणसाला निकाल नकोच आहे. निकाल लागला की स्फटिक एका खोक्यात जाईल. न लागेपर्यंत रोज सकाळी भिंग लावून बघता येईल.

निघताना माझा पाय दाराशी ठेवलेल्या दगडाला लागला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून काकूंनी तो ठेवलाय, पायलीएवढा, पोकळ्यांनी भरलेला, आणि प्रत्येक पोकळीच्या आत शेवाळी हिरवं अस्तर. मी सहज विचारलं, हे हिरवं काय?

"सेलॅडोनाइट," अण्णा म्हणाले. "वाघोलीचा आहे तो. अजिंठ्याच्या चित्रांत हिरवी माती वापरलीये ना, ती याच जातीची." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तेही अभ्रकाच्या कुळातलंच."

"म्हणजे इतकी वर्षं दाराला अभ्रक लावलंय?"

"कुळ अभ्रकाचं. पण त्याचा असा स्फटिक होत नाही, पूड होते. पुडीला कोण विचारतं?"

काकू आतून म्हणाल्या, "त्या एकशे ऐंशी डॉलरच्या दगडापेक्षा तो बरा. निदान दार धरतो."

डॉलर हा शब्द त्यांनी लोणच्याला मोहरी घालावी इतक्या सहज घातला. भाच्याने सांगितलं असणार. अण्णा कपाटाकडे वळले आणि काचेवरची नसलेली धूळ पुसू लागले.

चिठ्ठी आता पूर्ण आहे. परवा मी वाचली. बारीक, रेखीव पेन्सिलीत: 'अभ्रक, गुलाबी. ब्राझील, बहुधा व्हिर्जेम दा लापा. पापुद्रा १ सुटला, गॅसवर गेला. ज्योत पिवळी (कैरी).'

कुणाला पाहायचं असेल तर रविवारी चारनंतर या, तेव्हा पश्चिमेचं ऊन कपाटावर येतं. पंखा लावायला सांगू नका, शिंक आली तर जिन्यात जाऊन द्या, मायका म्हणू नका. किंमत विचारलीत तर अण्णा अजूनही नुसता आकडाच सांगतात. चलन काकूंना विचारा.